पाण्यातील चाकवाले : ब्रॅकिओनस वंशाची ओळख



व्याख्यानमालेच्या चालकांनी माझा विषय विचारला तेव्हा मी ‘रोटिफर’ एवढा एकच शब्द कळविला. त्यावर त्यांनी अदबीने विचारले, की हा रोटरी क्लबाशी संबंधित काही विषय आहे काय? प्रश्न वाटतो तितका अस्थानी नाही. दोन्ही शब्दांच्या मुळाशी चाक या अर्थाचा एकच लॅटिन शब्द आहे. क्लबाचे चाक बिल्ल्यावर असते, आमच्या जिवाचे डोक्यावर असते, एवढाच फरक. हा जीव आपल्या तळ्यांत, विहिरींत, ओढ्याच्या डोहांत, पाटाच्या कडेला साचलेल्या पाण्यात राहतो. आज ज्याच्याविषयी बोलणार आहे तो बहुधा मिलिमीटरच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा असतो. पेला उजेडासमोर धरला तर तीक्ष्ण नजरेच्या माणसाला एखादा हलणारा कण दिसेल; त्यापलीकडे काही नाही.

जगात रोटिफरांच्या सुमारे दोन हजार जाती वर्णिलेल्या आहेत. एका तासात त्या सर्वांची नुसती नावे वाचणेही होणार नाही. म्हणून मी त्यांतला एकच वंश घेतला आहे. त्याचे नाव ब्रॅकिओनस. तो निवडण्याला दोन कारणे आहेत. एक तर आपल्याकडच्या उन्हाने तापणाऱ्या, गाळाच्या, शेवाळी पाण्यात तो फार आढळतो. दुसरे म्हणजे तो ओळखताना मी स्वतः एकदा चुकलो, आणि त्या चुकीचा भुर्दंड एका गावाच्या तळ्याला पडला. ती हकीकत ओघाने येईलच.

प्रथम चाकाविषयी. हॉलंडमधील कापडाचा व्यापारी लेव्हेनहुक याने स्वतः घासलेल्या भिंगांतून छपराच्या पन्हळीतला गाळ पाहिला. ही १७०२ सालची गोष्ट. त्यात त्याला रोटिफर दिसले, आणि त्यांच्या तोंडाशी दातेरी चाके गरगर फिरत आहेत असे वाटले. पुढे कित्येक दिवस शहाण्या माणसांनाही तसेच वाटे. प्रत्यक्षात फिरत काहीच नसते. डोक्याच्या कडेने अतिशय बारीक केसांची रांग असते. प्रत्येक केस जागच्या जागी वाकतो आणि उभा राहतो. पण शेजारच्याच्या क्षणभर मागून. शाळूच्या शिवारावरून वारा गेला म्हणजे लाट बांधापासून बांधापर्यंत धावते, पण एकही ताट आपली जागा सोडीत नाही. तीच गोष्ट येथे वर्तुळात घडते, म्हणून चाक फिरल्याचा भास होतो. या केसांच्या हालचालीने पाण्याचा झोत तोंडाकडे येतो व त्याबरोबर शेवाळाचे कण आणि जंतू पोटात जातात. जीव पुढे सरकतो तोही याच बळावर.

आता ब्रॅकिओनस वेगळा कसा ओळखावा? भिंगाखाली पाहताच डोळ्यांत भरते ते त्याचे कवच. काचेच्या चंबूसारखे, थोडे चपटे, आणि इतके पारदर्शक की आतली आतडी, अंडाशय, लाल डोळ्याचा ठिपका, सारे बाहेरून मोजता येते. चंबूच्या तोंडाशी, म्हणजे कवचाच्या पुढच्या कडेला, काटे असतात. मागच्या बाजूला एक छिद्र असते व त्यातून एक लांब पाय बाहेर येतो. हा पाय लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याला वळ्या असतात, तो गांडुळासारखा वळतो, आणि भीती वाटली की पुरता आत ओढून घेतला जातो. टोकाला दोन बोटे असतात. त्यांतून चिकट द्रव सोडून हा प्राणी कोठेही टेकू शकतो.

मी पायावर एवढा भर देतो याचे कारण असे की, या एका अवयवावरून भावकी वेगळी काढता येते. ब्रॅकिओनसच्या कुलातच केराटेला नावाचा वंश आहे. त्याच्याही कवचाला काटे असतात, पाठीवर सुरेख नक्षी असते, पण पाय मुळीच नसतो. प्लॅटियास नावाचा तिसरा भाऊ आहे, त्याला पाय आहे. पण तो सांध्यांचा, ताठ, आत न जाणारा. तेव्हा नवशिक्याने आधी पाय शोधावा. काट्यांच्या मोहात नंतर पडावे.

दुसरी खूण आत दडलेली असते. रोटिफराच्या घशात एक चालता जबडा असतो. जिवंत प्राण्यात तो एकसारखा चावत असलेला दिसतो, जणू पोटातच कोणी पानसुपारी कुटीत आहे. ब्रॅकिओनसच्या कुलात हा जबडा दळण्या-कुटण्याच्या घडणीचा असतो व त्याच्या नावातच हातोडा हा अर्थ आहे. त्याचे बारकावे पाहायचे तर कपडे पांढरे करण्याच्या द्रावणाचा एक थेंब काचपट्टीच्या कडेने सोडतात. मांस विरघळून जाते, कठीण जबडा तेवढा मागे राहतो. काम नाजूक आहे. पाच वेळा जबडा वाहून जातो व सहाव्या वेळी सापडतो.

वंश ठरला. आता जात. या वंशाला नाव दिले पॅलास या जर्मन पंडिताने, १७६६ साली. तेव्हापासून पुढची पावणेदोनशे वर्षे ज्याने त्याने आपापल्या डबक्यातला प्राणी पाहून नवी नावे दिली. १९४० साली अमेरिकेत आल्स्ट्रॉम याने या सगळ्या नावांची झाडाझडती घेतली आणि पुष्कळशी नावे एकमेकांत मिळवून टाकली. आपल्या देशातील रोटिफरांवरील पहिल्या टिपणांपैकी एक अँडरसन याचे, १८८९ सालचे, बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातले. भारतातील ब्रॅकिओनसच्या जातींचा स्वतंत्र आढावा बी. के. शर्मा यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. आज जगात या वंशाच्या साठाच्या आसपास जाती मानतात.

त्यांतल्या आपल्याकडे भेटणाऱ्या काहींची तोंडओळख करून देतो. कवचाच्या वरच्या अंगाला पुढे किती काटे आहेत ते आधी मोजावे. दोन, चार की सहा. मधोमध दोनच लहान दाते आणि प्राणीही बुटका, तर तो बहुधा अँग्युलॅरिस. चार काटे, बुडाशी रुंद, आणि कवच मऊसर, तर कॅलिसिफ्लोरस. चारच काटे, पण बाहेरचे दोन मोठे, आणि मागे दोन जाड काटे कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांकडे वळलेले, तर फॉर्फिक्युला; नावाचा अर्थच छोटी कात्री. सहा काटे असून मधले दोन सर्वांत लांब व बाहेर झुकलेले, तर क्वाड्रिडेंटॅटस. सहांतले मधल्यांच्या शेजारचे दोन विळ्यासारखे लांब वाकलेले, तर फाल्कॅटस. हा इतका देखणा आहे की एकदा पाहिलेला माणूस त्याला विसरत नाही. पाहिलेला प्राणी मादीच आहे असे समजूनच हे सारे चालते. नर क्वचित जन्मतो, फार लहान असतो, त्याला धड अन्नमार्ग नसतो, आणि त्याचे आयुष्य मादीहून थोडके. ओळखीच्या पुस्तकात त्याला जवळजवळ जागाच नाही.

ऐकताना हे सोपे वाटते. मलाही वाटले होते.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावच्या तळ्यात वस्तीचा एक सांडपाण्याचा ओहोळ येऊन मिळत असे. तो वळवावा की नाही, यावर गावात दोन तट होते. वळवायचा तर खर्च होता. कोणीतरी सुचविले की तळ्यातले जीव पाहून पाण्याची प्रकृती कळते म्हणतात, तर तपासून घ्यावे. पाण्याची बाटली माझ्याकडे आली. मी तेव्हा नवखा होतो, उत्साह दांडगा होता, आणि हाताशी होता तो कपाटातला एक फार जुना इंग्रजी ग्रंथ. मी पाणी गाळले, मोजदाद केली आणि कळविले की ब्रॅकिओनसच्या तीन जाती येथे नांदत आहेत : एक अँग्युलॅरिस, दुसरी पाला, जिला मागे काटे नाहीत, तिसरी अँफिसेरॉस, जिला मागे दोन लांब काटे आहेत. तिघींचे प्रमाण फारसे विषम नाही, असाही शेरा मारला.

पाण्यातल्या जीवांचा हिशेब असा असतो की, पाणी ठीक असेल तर पुष्कळ जाती थोड्या थोड्या आढळतात. घाणीने जड झालेल्या पाण्यात मोजक्याच जाती उरतात व त्यांतली एखादी गर्दी करून टाकते. माझ्या यादीवरून गर्दी कोणाचीच दिसत नव्हती. खर्च नको असणाऱ्या मंडळींना एवढे पुरे होते. ओहोळ होता तसाच राहिला.

उरलेले पाणी मी दोन पेल्यांत ठेवले होते. एकात, वेगळ्या काढलेल्या, मागे काटे नसलेल्या माद्या स्वच्छ पाण्यात. काही दिवसांनी, केवळ पाणी कमी झाले म्हणून, मी त्यात मूळ बाटलीतले गाळलेले पाणी ओतले. उबदार दिवसांत यांची पिढी दोन-तीन दिवसांत उभी राहते, आणि नराविना राहते. मादी अंडे घालते, ते शेपटाशी चिकटवून हिंडते, त्यातून मादीच निघते. पुढच्या वेळी भिंगाखाली पाहिले तो बिनकाट्याच्या मादीच्या मागे चिकटलेल्या अंड्यातून लांब काट्यांचे पिल्लू निघाले होते. मी ते तीनतीनदा पाहिले. आई माझ्या पाला जातीची आणि लेक अँफिसेरॉस जातीची!

मी माझ्या गुरुजींकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, “त्या बाटलीत पारदर्शक थैलीसारखा मोठा रोटिफर होता का रे?” होता, पण मी ब्रॅकिओनस मोजीत होतो, म्हणून त्याच्याकडे पाहिले नव्हते. “मग सर, ही जात कोणती म्हणायची?” ते म्हणाले, “दोन्ही कॅलिसिफ्लोरस. आईला आणि लेकीला तू दोन आडनावे लावलीस.”

त्या थैलीसारख्या रोटिफराचे नाव अ‍ॅस्प्लांक्ना. तो शिकारी आहे. ब्रॅकिओनसला अख्खा गिळतो. तो जेथे असतो तेथे त्याच्या शरीरातून काही द्रव्य पाण्यात उतरते. शिकारी गाळून काढला तरी द्रव्य पाण्यात राहते. माझ्या पेल्यात आले ते हेच. मादीच्या अंड्यातील गर्भाला त्याची चाहूल लागते आणि ते पिल्लू मागे दोन लांब काटे घेऊन जन्मते. आईच्या अंगात बदल होत नाही. तिचे कवच घडून गेलेले असते. हे काटे हलते असतात. शिकाऱ्याने धरले की पिल्लू अंग आत ओढते, आतल्या द्रवाच्या दाबाने काटे दोहो बाजूंना फाकतात, आणि घास घशात अडकतो. फ्रान्समधील बोशां याने १९५२ मध्ये अ‍ॅस्प्लांक्नाचा व या काट्यांचा संबंध प्रथम दाखवून दिला, आणि १९६६ पासून अमेरिकेतील गिल्बर्ट याने प्रयोगांवर प्रयोग करून तो पक्का केला. उपासमार आणि थंडी यांनीही काटे कमीअधिक होतात असे पुढे आढळले. संकटाची बातमी आई न जन्मलेल्या लेकराला पोचविते, एवढेच सांगून मी येथे थांबतो. नाहीतर हाच विषय तासभर चालेल.

म्हणजे माझ्या यादीतल्या तीन जातींपैकी दोन खोट्या होत्या, असे नव्हे. त्या दोन मिळून एक होती. आणि त्या दोहोंची बेरीज केली की तळ्यात जवळजवळ सगळी गर्दी एकट्या कॅलिसिफ्लोरसची होती. मी एका मोठ्या गर्दीचे दोन मध्यम घोळके करून दाखविले होते. मी दुसरे पत्र लिहिले, चूक कबूल केली. पत्र पोचले, पण तोवर पावसाळा तोंडावर आला होता आणि ओहोळाचे काम आणखी एक वर्ष पुढे गेले.

तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना सांगतो की काट्यांची लांबी शेवटी पाहा. पुढच्या काट्यांची संख्या आणि मांडणी त्या मानाने भरवशाची. पायाच्या छिद्राची ठेवण भरवशाची. जबडा अधिक भरवशाचा. एकाच प्राण्यावरून नाव देऊ नये, वीस-पंचवीस पाहावेत. आणि त्याच पाण्यात दुसरे कोण आहे तेही लिहून ठेवावे.

यावर कोणी म्हणेल, मग जुन्या लोकांनी केलेले सगळेच भेद पुसून टाका. तसेही नाही, आणि येथेच या वंशाने पंडितांची दुसऱ्यांदा फजिती केली. १८५१ मध्ये गॉस या इंग्रजाने लांब पुढच्या काट्यांवरून डॉर्कस नावाची जात वर्णिली. हरणाच्या शिंगांची आठवण व्हावी असे ते नाव. पुढे ती कॅलिसिफ्लोरसचाच एक प्रकार म्हणून मिळवून टाकली गेली. हल्ली प्राण्याच्या पेशीतील आनुवंशिक द्रव्य, ज्याला डीएनए म्हणतात, ते वाचता येते. ते वाचून, व नंतर कवचांची काटेकोर मापे घेऊन, २०१८ साली युरोपातील संशोधकांनी दाखविले की आपण कॅलिसिफ्लोरस म्हणतो त्यात निदान चार जाती मिसळल्या आहेत. त्यांतल्या एकीला डॉर्कस हे जुने नाव परत मिळाले. खाऱ्या पाण्यातल्या प्लिकॅटिलिसची गोष्ट याहून पुढची. २०१७ च्या एका अभ्यासात त्या एका नावाखाली पंधरा जाती निघाल्या. समुद्री माशांची पिल्ले वाढविणाऱ्यांना याचा सुगावा आधीच होता. अगदी लहान तोंडाच्या पिल्लांना मोठा प्लिकॅटिलिस गिळवत नाही, म्हणून ते व्यवहारात ‘मोठा’ आणि ‘लहान’ असे दोन वाण सांभाळीत. ते वाण म्हणजे वेगळ्या जातीच होत्या. जाता जाता सांगतो, आपल्या कृष्णाकाठी जादा पाण्याने जमिनी खारावल्या आहेत. तेथील चरांच्या पाण्यात हे खाऱ्या पाण्याचे पाहुणे शोधण्यासारखे आहेत; कोणा कॉलेजच्या विद्यार्थ्याने मनावर घ्यावे.

म्हणजे दिसायला वेगळे ते एक निघते, आणि दिसायला एक ते वेगळे निघते. नावे बदलतात याचा पुष्कळांना राग येतो. पण कुंडलकरांना तो येऊ नये. आपल्या जवळच्या स्टेशनाचे नाव एके काळी कुंडल रोड होते, पुढे ते किर्लोस्करवाडी झाले. हे गाव औंध संस्थानात होते. संस्थान विलीन झाले, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निघाला, १९६० पासून त्याला सांगली म्हणू लागले, आणि १९९९ मध्ये पलूस तालुका झाला. इतके पत्ते बदलले, गाव मात्र जागचे हलले नाही. रोटिफरांतही असेच एक उदाहरण आहे. पॅट्युलस नावाचा, पुढे दहा आणि मागे चार काटे मिरविणारा प्राणी आपल्या तळ्यांत सर्रास आढळतो. तो पुष्कळ काळ ब्रॅकिओनस वंशात होता. मधून मधून काही जण त्याला प्लॅटियासमध्ये घालीत. १९९३ मध्ये सेगर्स, मुरुगन आणि ड्यूमाँट या तिघांनी त्याची घडण नीट तपासून निकाल दिला की हा दोघांतही बसत नाही, आणि त्याच्यासाठी प्लॅटिओनस हा नवा वंश केला. जुने नाव असलेली यादी हाती आली तर ती चुकीची समजू नये, जुन्या पत्त्याची समजावी. माझी यादी मात्र चुकीचीच होती.

आपल्या महाराष्ट्रातील एका निरीक्षणाने या विषयाची वेगळी बाजू दिसते. पुण्याच्या मुळा नदीचे पाणी मैलापाण्याने किती बिघडले आहे हे सर्वांस ठाऊक आहे. त्या पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांचा अभ्यास वंजारे, पाध्ये आणि पै या पुण्याच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना रुबेन्स नावाचा ब्रॅकिओनस मोइना या पाणपिसवेच्या अंगावर बसून हिंडताना आढळला. पायाच्या दोन बोटांनी तो तिला चिकटतो. तिचे रक्त वगैरे पीत नाही, नुसती बैठक. या रुबेन्सला काही जण अर्सिओलॅरिस या दुसऱ्या जातीचाच प्रकार मानीत, इतके दोघांचे कवच मिळतेजुळते. पण स्वारी करण्याची सवय रुबेन्सची. म्हणून नमुना घेताच त्यात औषध ओतून सारे मारून टाकणाऱ्या माणसाला ही खूण कधीच सापडत नाही. थोडे पाणी जिवंत ठेवावे, असे मी म्हणतो ते यासाठी.

एक शंका नेहमी विचारली जाते, ती आधीच घेतो. हे प्राणी दिसले की पाणी पिण्यास वाईट, असे समजावे काय? नाही. दोन-चार ब्रॅकिओनस कोणत्याही तळ्यात असायचेच; मत्स्यबीजाला तर ते पहिल्या घासाचे अन्न आहे. पाणी पिण्यास योग्य आहे की नाही याची तपासणी निराळी, ती जंतूंची. रोटिफर सांगतात ते एवढेच, की पाण्यात खत-घाण किती उतरते आहे आणि ते दिवसेंदिवस कोणीकडे चालले आहे. तेही एका बाटलीवरून कळत नाही. पावसाळ्याआधी, पावसाळ्यानंतर आणि थंडीत असे वर्षातून निदान तीनदा, एकाच जागेचे पाणी पाहावे लागते. तळे उन्हाळ्यात पार आटले तरी चिंता नाही. दिवस बदलू लागले की यांच्यात नर निपजतात, आणि मीलनानंतर मादी जाड कवचाची टिकाऊ अंडी घालते. ती भेगाळलेल्या चिखलात वर्षानुवर्षे दम धरून राहतात. वळवाचा पाऊस पडला की त्यांतून पुन्हा माद्या बाहेर येतात.

टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला आहे. शेजारच्या बाटलीतले पाणी मी आज दुपारीच येथे बारीक कापडाच्या जाळीतून गाळून घेतले आहे आणि अजून पाहिलेले नाही. त्यामुळे जे निघेल ते आपण बरोबरच पाहू. मुलांनी आधी यावे. एक डोळा मिटण्याचे कारण नाही, दोन्ही उघडे ठेवून पाहावे, म्हणजे शीण येत नाही. प्रथम चंबू शोधा, मग पाय. काटे मोजून झाले की संख्या मोठ्याने सांगा, मी फळ्यावर लिहून घेतो.